आधी पाठ बघ

"आधी पाठ बघ, मग तोंड," असं म्हणत चाचा काडेपेटीवरचा चित्राचा छाप नखावर उलटा धरायचे. लातूरच्या एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी बाईंडर होतो. क्लासवाल्यांच्या जाहिराती आणि नोट्स यांतून मान वर काढायला फुरसत नसे. तरी जेवणाच्या सुट्टीत चाचांचा अल्बम उघडायचाच.

तुमच्यापैकी कुणी छाप जमवत असाल तर ठाऊक असेल. एका छापात वाघाला पाच पट्टे, दुसऱ्यात सहा, म्हणजे ठसा बदलला. तो खरा फरक. रंग उडाला, शाई सरकली, तर तो बिघाड, आणि बिघाड पाठीवरून कळतो. चाचांनी 'खरा' म्हटलं की सोलापूर-हैदराबादचे शौकीनही मानायचे.

एकदा मी हौसेनं केशरी मोराचा छाप नेला. चाचांनी सगळ्यांसमोर परत फेकला. "ह्यो फरक न्हाई मियाँ. ऊन खाल्लंय त्यानं. तुझ्यासारखंच, वरून रंगीत." सगळे हसले. मीही हसलो, पण ते पोटात राहिलं.

मग मी एका छापातल्या लाल सूर्यावर ब्लीचिंगच्या पाण्याचा कापूस फिरवला. सूर्य पिवळा पडला. छाप खळीनं पुन्हा पेटीवर चिकटवला. एकुलता छाप भिजवून काढायचा नाही, फाटला तर संपला, हा चाचांचा नियम मला माहीत होता. म्हणजे पाठ दिसणारच नव्हती.

पेटी हातात देताच चाचा ती घेऊन उजेडात गेले. "कुठं घावला रे?"

"लोहा गावच्या बाजारात."

"ठसाच येगळा हाय! दुनियेत एकच असंल."

आठवडाभर मजा बघायची आणि मग सांगायचं, असा माझा बेत होता. त्याच आठवड्यात भूकंप झाला. नोट्सचं काम तातडीचं म्हणून चाचा छापखान्यातच मुक्कामाला होते. औशाकडच्या गावातलं त्यांचं घर बसलं. चाची गेली. सगळे अल्बम मातीत गेले. राहिली ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली, मी दिलेली पेटी. आता काय सांगणार?

काही महिन्यांनी सोलापूरचे एक शौकीन आले. पिवळा सूर्य बघून म्हणाले, "पाठ दाखवा, मगच मानू."

चाचा हसले. आधी पाठ बघायचा नियम त्यांचाच होता. त्यांनी वाटीत पाणी मागवलं. ते पाणी मीच आणून दिलं.

छाप सुटला. पाठीवर ब्लीचिंगचा डाग होता आणि खळीला निळसर झाक. उंदीर लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद टाकायची आमच्या छापखान्याची रीत, आणि ती खळ मीच शिजवायचो. चाचांनी बोट वासाला नेलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मीच केलाय," ते पाहुण्याला म्हणाले. "तुमी वळखता का, ते बघायचं व्हतं."

पाहुणा उठला. "मग चाचा, तुमचे बाकीचे छापही असेच होते का?"

दाखवायला काही उरलंच नव्हतं. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

पाहुणा गेल्यावर चाचा हात पुसत म्हणाले, "खळ पातळ झाली रे. मैदा वाढव."

आठ दिवस त्यांनी मान खाली घालून क्लासच्या जाहिराती जुळवल्या. नवव्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या गावी भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये विचारलं, तर शेजारी म्हणाला, "ते नकली छापवाले व्हय? गेले कुठंतरी."

मी 'हो, तेच' म्हणालो.