रिकामं ठेवलेलं मिनिट

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि मग खोलीला कुलूप लावलं. धुळ्यातली आमची साधी मराठी शाळा, नव्वदचं दशक सरत आलेलं. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, आणि कॉम्प्युटरचे सर समोर असतील तरच मुलांनी हात लावायचा. मला या सोवळ्याचा भारी राग यायचा. मी मराठीची बाई, त्यात तोंडाची फटकळ. म्हणून टाकलं, "देव्हाराच करायचा होता तर मूर्ती आणायची होती की!" मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच काहीतरी करून दाखवा." घ्या! आ बैल मुझे मार.

नववीला जुन्या महाकाव्यातला एक भाग होता. युद्ध संपलंय आणि बायका रणांगणावर आपापली माणसं शोधत फिरतायत. दरवर्षी मी तो जीव तोडून वाचायचे आणि मागच्या बाकावर माना पडायच्या. त्या वर्षी ठरवलं, पोरांनीच गट करून तो पडद्यावर मांडायचा. कुणी लिहायचं, कुणी चित्रं काढायची, कुणी ती ओळीनं लावायची, कुणी आवाज द्यायचा. संमेलनात पालकांना दाखवायचं.

एका गटात साक्रीकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. मामाकडे राहून शिकायची. तोंड उघडलं की अहिराणी यायची आणि वर्ग फिदीफिदी हसायचा, म्हणून ती बोलतच नसे. चित्रं मात्र झकास काढायची. जीभ दातांत धरून, माउस इकडेतिकडे ओढत तिनं मेलेल्या राजपुत्राशेजारी बसलेली आई काढली. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके.

"अगं, त्या राणीला गोंदण कुठून आलं?" मी विचारलं.

"मनी मायले शे," ती म्हणाली. माझ्या आईला आहे.

आवाज एका शहरी मुलीनं दिला. स्वच्छ उच्चार, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसे. ही मागे पुटपुटली, "अशी कोनी रडस का?"

"मग कसं रडतात? दाखव की," मी म्हटलं. खरं तर चिडूनच म्हटलं.

तिनं डोळे मिटले आणि हेल काढला. त्यांच्याकडे माणूस गेलं की बायका त्याला हाका मारत, त्याच्या गोष्टी त्यालाच सांगत रडतात. तिची आई गावात त्यात पुढे असायची. कुणाच्याही दारात मयत झाली की आधी तिला बोलावणं. "मना लेकरा, कथा गया रे तू..." माझ्या लेकरा, कुठे गेलास तू. एवढंसं पोरगं ते, पण आवाज असा लागला की हसणारी पोरं जमिनीकडे बघायला लागली. सरांनी गुपचूप माइक तिच्यापुढे सरकवला. मी तोंडात पदर कोंबून रडले. लाज कसली त्यात?

मिनिटभराचाच आवाज, पण फ्लॉपीत मावेना. म्हणून तो त्या एका कॉम्प्युटरवरच राहिला. दिवाळीची सुट्टी लागली. "सुट्टीनंतर आणखी चांगलं घेऊ," मी म्हटलं. पोरगी हुरळली आणि गावी गेल्यावर शेताच्या बांधावर उभी राहून सराव करायला लागली. शेजारच्या शेतात भुईमूग काढणाऱ्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. कोण गेलं, कोण गेलं! परत आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा आम्हांला आधी हसूच आलं.

शाळा उघडली त्याच दिवशी मागोमाग तिची आई एस.टी.नं धुळ्यात आली. हनुवटीवर तेच ठिपके. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "घरमा कोनी मरेल नही, आनि तुम्ही पोरले हेल काढाले लावतस?" तिच्याकडे नियम होता. जिवंत घरात तो हेल काढायचा नाही. काढला तर मरण वाट विचारत येतं. तिची दोन मुलं आधीच गेली होती. उरलेली ही एकच.

मी माझ्यापरीनं समजावलं. "अक्का, ते काव्य आहे. त्यातली आई रडते, तुमची पोर नाही."

"काव्य तुमनं व्हई बाई," ती म्हणाली, "पोर मनी शे. ती हाका मारस ते लेकरू कोन? मना घरमा लेकरू ती एकच."

आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. पोरीनंच आवाज पुसायचं बटण दाबलं. सर म्हणाले, "गेलं कचऱ्याच्या डब्यात." पडद्यावरच्या त्या डब्याच्या चित्राकडे बोट करून आई म्हणाली, "मंग डब्बाबी रिकामा करा." तो रिकामा झाला तेव्हा कुठे तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

गटानं दुसरा आवाज घालायला नकार दिला. पूर्वी हसणारीच पोरं ती! संमेलनात ते चित्र मिनिटभर तसंच, आवाजाशिवाय राहिलं आणि मग आपोआप पुढे सरकलं. पालकांना वाटलं मशीन बिघडलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग साक्रीचा दवाखाना. धुळ्याला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. जूनमध्ये हजेरी घेताना तिच्या नावाशी मी अडखळले, आणि वर्गात कुणीच हसलं नाही.

श्रावणात तिची आई आली. दारातच चपला काढल्या. तिचा भाऊ, म्हणजे पोरीचा मामा, सोबत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, ही अजून रडली नाही. अख्ख्या गावासाठी रडली, पोरीसाठी आवाजच निघत नाही." तिनं मला एवढंच विचारलं, "मनी पोरना आवाज शे का?"

"नाही हो, अक्का."

"डब्बामा?"

मी नाही म्हणून मान हलवली. देवा, कुणावर असा दिवस आणू नकोस. मला दुसरं काही सुचेना. खुर्चीवर बसवलं आणि ते चित्र लावलं. ती पुढे वाकली, स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "हाई मी शे?"

"तुम्हीच. तिनं काढलंय."

पडदा गप्प होता. त्या गप्प मिनिटात तिचा हेल निघाला. आता तिला कुणाची मनाई नव्हती. पोरीला हाका मारत, तिची एकेक गोष्ट तिलाच सांगत ती रडत होती, आणि शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा आवाज थांबला होता.

पोरांनी ठरवलेलं मिनिट संपलं आणि चित्र आपोआप सरकलं. तिचं रडणं अजून संपलं नव्हतं. मी मागे जायचं बटण दाबून चित्र परत आणलं. ते पुन्हा सरकलं, मी पुन्हा आणलं. शाळा सुटेपर्यंत मी तेच करत बसले.