भिजवून घडवलेले बुश

सत्तरच्या दशकात कारंजा गावात माझा धातू कातायचा लेथ होता आणि अंगात मस्ती होती. पितळेचा बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारं कडं, मी असा घडवायचो, की आतला शाफ्ट फिरेल पण केसभरही डुलणार नाही. शेलूबाजारजवळ एका काकूंची संत्र्याची बाग होती. नवरा गेल्यावर ती त्यांनी एकटीने सांभाळली. विहिरीवर टर्बाइन पंप: मोटर वर, पंप खाली पाण्यात, आणि दोघांना जोडणारा लांबच लांब शाफ्ट. त्याला जागोजागी आधार देणारे पितळी बुश रेतीच्या पाण्याने हां हां म्हणता झिजायचे.

एका हिवाळ्यात बाजारातल्या जैन शेटजींनी मुंबईहून नायलॉनचा दांडा आणला. त्याला तेल नको, ग्रीस नको, पाण्यातच सुखाने फिरतो. मी काकूंसाठी सगळे बुश त्याचेच केले, पितळेच्या मापाने. अंगठ्याने दाबताच प्रत्येक आपल्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, बसला. एक जास्तीचा काकूंना दिला, तर त्यांनी तो सरळ गुरांच्या हौदात टाकला.

"काकू, हे काय लाकूड हाय का भिजवाले?" मी हसलो.

"पान्यातच राह्यची चीज हाय ना? आमी गाडीचं चाक बी नाल्यात भिजवतो. पान्यात कसं वागते, ते पाह्यलेलं बरं."

मी चहा पिऊन जीप धरली.

पंप बारा दिवस लोण्यासारखा चालला. तेराव्या दिवशी निरोप आला, मोटर नुसती घुरघुरते. बागेचा ताण नुकताच तोडला होता. पाणी बंद ठेवून झाडं महिनाभर उपाशी ठेवायची आणि मग पाणी सोडायचं, की बहर फुटतो. बहर फुटल्यावर पाण्यात खंड पडला, तर फूल गळतं आणि वर्ष हातचं जातं.

चेनपुलीने पंप वर काढला. शाफ्ट हलता हलेना. मी विजेला शिव्या दिल्या, मोटरला दिल्या, ती बांधणाऱ्यालाही दिल्या. शेवटी एक बुश फोडून काढला. काकू हौदाकडे गेल्या आणि भिजलेला बुश घेऊन आल्या.

"हा बसवून दाखव."

त्याच रिकाम्या ब्रॅकेटच्या तोंडाशी तो अडला. अंगठा सोडा, हातोडीलाही दाद देईना. नायलॉन पाणी पिऊन फुगलं होतं. ब्रॅकेटमध्ये त्याला बाहेरच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ते आतल्या बाजूला फुगलं आणि शाफ्ट आवळून बसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवे घडवून भिजवू म्हणलं तर दहा-बारा दिवस लागतीन," मी पुटपुटलो.

"नवे कायले? हे फुगून तयार हायेत ना? ओल्या फडक्यात गुंडाळून ने, अन् आता माप घे."

मी फडकं ओलं करायला घेतलं. मिस्त्री मी होतो की त्या, हेच कळेना.

दोन दिवस त्यांनी अडगळीतली जुनी मोट काढून बैल जुंपले आणि जमेल तेवढी झाडं भिजवली. मी तेच बुश, आणि फोडलेल्याच्या जागी हौदातला, ओले असतानाच लेथवर चढवले आणि शाफ्टभोवती पितळेच्या दुप्पट ढील ठेवली. तिसऱ्या दिवशी पंपाचं पाणी पडलं. थोडं फूल गळलं, बाकी सगळं टिकलं.

फळ उतरल्यावर पंप उघडला. बुशांवर बारीक ओरखडे आणि शाफ्ट तसाच गुळगुळीत. पितळ एवढ्यात चाळणी झालं असतं. नायलॉनवर माझा जीव जडला, पण खरा आदर बसला तो त्या बाईवर. तो तोंडाने कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही.

पुढे मी कितीतरी विहिरींवर तसे बुश बसवले आणि ही अक्कल आपलीच म्हणून मिरवली. एकदा कारंज्याच्या बाजारात रिठदच्या एका शेतकऱ्यापुढे असाच फुशारक्या मारत होतो. मागे वळलो, तर काकू पिशवी घेऊन उभ्या. सगळं ऐकलेलं.

त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, "याच्याच हातून बसवून घे, भाऊ. एकडाव चुकलेला हाय तो. आता नाही चुकत."