मुलचेऱ्याचं लग्न आणि रिव्हर्स गिअर

मला कार उत्तम चालवता येते. फक्त पुढे.

मागे घेताना स्टेअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे जाते. (भद्रावतीत आमच्या शेजाऱ्यांचं फाटक अजून तिरपंच लागतं!) पण सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं मुलचेऱ्याला लग्न होतं, आणि नेमका आदल्या दिवशी यांचा पाय मुरगळून भोपळ्याएवढा झाला. बसनं गेलो असतो तर पंगती उठल्यावर पोचलो असतो. लग्न चुकलं तर बहीण जन्मभर बोलणार नाही, या विचारानं सासूबाईंचा चेहरा उतरला.

"मी नेतो आईले!" मी जाहीर केलं.

"अवं, तुले रिव्हर्स येत नाई!" हे खाटेवरून ओरडले.

"लग्नाले जाऊन राह्यलो न आम्ही! मांगं जायचं कामच काय?"

सासूबाई पांढरं पातळ नेसून ऐटीत शेजारी बसल्या. आष्टीपर्यंत सगळं झकास. पुढे जंगलात गुरांचा कळप आडवा आला. शेवटची गाय जाईपर्यंत मी जागची हलले नाही. (गायही मागे जात नव्हती, मी कशाला जाऊ?) या नादात मुलचेऱ्याचा फाटा चुकला.

आता गाडी वळवायची, तर मोठा चौक हवा. म्हणून समोर दिसलेल्या गावात शिरले. गल्ली अरुंद होत गेली. चौक काही येईना. आला तो थेट मांडव! आणि मागून बँड वाजवत वरात! मधोमध आम्ही.

मांडवातून ताटं घेतलेल्या बाया धावत आल्या. त्यांनी सासूबाईंचं दार उघडलं, कुंकवाचा टिळा लावला, गळ्यात हार घातला. "या ईनबाई, या!"

"आई, आपलं लग्न हे नोहे!" मी कुजबुजले.

"थांब वं. सरबत तं येऊ दे!"

सरबताआधी खरी विहीण आली. सासूबाईंच्या गळ्यातला हार पाहून तिनं डोळे वटारले. "ह्या कोन?" बँड बंद पडला.

"गाडी मांगं घ्या ओ बाई!" सगळी वरात ओरडली.

"घेता येत नाई," मी बाणेदारपणे सांगितलं.

"काऊन? बिघडली का?"

"गाडी चांगली आहे जी!"

तेवढ्यात मागच्या सजवलेल्या गाडीतून खुद्द नवरदेव उतरला. त्यानं फेटा काढून माझ्या हातात दिला, शेरवानी सावरली आणि मला उतरवून माझ्या जागी स्टेअरिंगवर बसला. वऱ्हाडी दोन्ही बाजूंच्या अंगणांत चढले, त्याची स्वतःची गाडीही मागे सरकली. गाडी उलटी चालली होती, सासूबाई हार घालून आत बसल्या होत्या, आणि मी फेटा छातीशी धरून बॉनेटसमोर धावत होते!

मोठ्या रस्त्यावर त्यानं गाडीचं तोंड वळवून दिलं, फेटा घेतला आणि हात जोडले. "काकू, आता फाट्यावरून मुलचेरा. कुठी गल्लीत शिरू नका!"

पोचलो तेव्हा लग्नाची बुद्धवंदना नुकतीच सुरू होत होती. बहिणी गळ्यात पडून रडल्या. जेवताना कुणीतरी विचारलं, "एवढ्या दूर सुनेनं गाडी आणली?"

"मंग!" सासूबाई मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमची सून एकदा निघाली का मांगं हटत नाई!"

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. मीही मान ताठ केली. मी मागे का हटत नाही, हे त्या पंगतीत आम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो बिचारा दुसऱ्या गावात आपल्या लग्नाला उशिरा पोचला होता!