अण्णांची कोरडी कात्री

सलूनमधले केस रोज झाडले तरी कोपऱ्यात थोडे उरतातच. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या भीमाअण्णांच्या सलूनमधल्या गोष्टींचंही तसंच. साठ सालाच्या आसपास आम्ही चौघं-पाचजण डोकं वाढलेलं नसतानाही तिथं जाऊन बसायचो. मग साचणारच!

अण्णा केस कोरडेच कापायचे. "ओला केस खोटं बोलतो. वाळला की वर चढतो, आणि शिव्या न्हाव्याला!" कुणी आंघोळ करून आला की हुकूम एकच, "पायरीवर बैस. वाळलास की ये." एका रविवारी ऊनच पडलं नाही. आमचे मास्तर सकाळी आठला पायरीवर बसले, ते दुपारी घरून डबा मागवून तिथंच जेवले!

*

दुसरा नियम कॉफीचा. एक बाजू कापून झाली की अण्णा कात्री ठेवून शेजारच्या हॉटेलात जायचे. "कापलेला केस स्वल्प बसू दे. मग दुसरी बाजू."

बँकेतला श्रीपती एकदा कंटाळून गळ्यातल्या कापडासकट त्यांच्या मागोमाग हॉटेलात गेला. तिथं त्याचा साहेब इडली खात होता. त्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाला, "अर्ध्या दिवसाची रजा घेतलीस, म्हणून अर्धंच कापलंस काय?"

*

मग समोर राजारावाचं नवं सलून उघडलं. पोरगा तिशीतला, फिरती खुर्ची, रेडिओ आणि पाणी फवारायची बाटली. "आता सगळीकडं ओलंच कापतात, अण्णा. कोरडं कापणं खेड्यातलं!" हे तो भर रस्त्यात ओरडून सांगायचा.

आमचे वकीलसाहेब पहिल्याच दिवशी तिकडं गेले. ओले असताना झकास दिसले. वाळल्यावर कपाळावरची झुलपं निम्म्या डोक्यावर चढली! धावत अण्णांकडं आले. अण्णांनी कंगवा फिरवून पाहिला. "वकीलसाहेब, आता अपील नाही. वाढेपर्यंत तारीख."

*

पण लोकांना रेडिओ पाहिजे होता. एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. मास्तरसुद्धा! लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. अण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, शेवटी तसलीच फवाऱ्याची बाटली आणून दिली. अण्णांनी ती वापरली, नाही असं नाही. रोज सकाळी तुळशीला!

पुढं पुढं अण्णा दिवसभर पेपर वाचत बसायचे. एकदा मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर कात्री ठेवून देतो." आमची थट्टा त्या दिवशी बंद पडली. मला खरंच वाईट वाटलं.

*

आणि मग तो रविवार. दुसऱ्या दिवशी राजारावाचं लग्न. अण्णांचं दुकान उघडायच्या आधीच तो मागच्या दारानं आत आला. मी तिथंच होतो.

"अण्णा, उद्या फोटो आहेत," तो खाली बघून म्हणाला. "कोरडेच कापा. आणि पुढचं दार स्वल्प लावलेलंच राहू दे."

"सरी, तसंच करू," अण्णा म्हणाले. त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि डावी बाजू अशी कापली, की मी पाहतच राहिलो.

मग कात्री ठेवली. पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. समोरच्या बंद सलूनबाहेर राजारावाची आठ-दहा गिऱ्हाइकं त्याचीच वाट बघत उभी होती. मास्तर सगळ्यांत पुढं.

अण्णांनी राजारावाला खुर्चीसकट रस्त्याकडं वळवलं.

"केस बसू दे," ते म्हणाले आणि कॉफी प्यायला गेले.