मतदानाआधीची दही-साखर

दोन हजार आठचा नोव्हेंबर. शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजीबाई राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. आवाज असा, की त्यांनी हाक मारली तर शिकागोवरची विमानं खाली उतरायची. पण त्या सकाळी आवाज बसलेला. लहानपणी अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांच्या वडिलांना मतदान केंद्राच्या दारातूनच हाकललेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या धसक्यानं बाई जन्मात मत द्यायला गेल्या नव्हत्या. यंदा राष्ट्राध्यक्षपदाला त्यांच्यातला माणूस उभा होता, म्हणून निघाल्या.

"मलाही हाकललं तर?"

मी व्हिसावाला, मला कुठलं मत? मी ड्रायव्हर. बायकोनं त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली.

"खा मावशी," मी ठोकून दिलं, "हे खाल्लेलं कोणी आजवर नापास झालेलं नाही!"

रांग कॅनडापर्यंत होती, फार तर चार पावलं अलीकडे. मावशी आत गेल्या आणि मी गाडीत देव पाण्यात घालून बसलो.

बाहेर आल्या त्या माझ्यापेक्षा हातभर उंच होऊन, शप्पथ!

"नुसतं नाव विचारलं रे. वर मॅडम म्हणाले."

मी गाडीचं दार उघडून धरलं.

"चल घरी," त्या म्हणाल्या, "दही उरलंय ना? वडिलांच्या वाटचं खायचंय."