विभाजन तक्ता

आमच्या बसवनगुडीच्या घराखालच्या मजल्यावर एक अक्का राहतात. मूळच्या बेळगावकडच्या. इथल्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्यात हयात घालवली. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतलं होतं. त्यांच्या गावाकडच्या बायका बोलतात त्या मराठीतले शब्द त्या गोळा करत. चुलीचे, शिवणाचे, बाळंतपणाचे, भांडणाचे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि तो कोणाकडून ऐकला ते. सात वर्षं हे सगळं त्यांच्या लॅपटॉपवर साठत होतं.

तो लॅपटॉप आता सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. त्यांनी माझ्याकडे गाऱ्हाणं केलं आणि मी खुलून गेलो. हेब्बाळमधली नोकरी सांभाळून मी फावल्या वेळात लिनक्सच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या, एका छोट्या प्रणालीसाठी काम करतो. ती संगणकावर बसवून देणाऱ्या प्रोग्रामचं काम माझ्याकडे आहे, आणि त्याचं मराठी भाषांतरही मीच केलेलं.

"ही टाका. जुनं मशीन पळायला लागेल," मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवत म्हटलं.

"मला जमेल काय रे?"

"कोणालाही जमेल असंच केलंय, अक्का. अडलं तर नेटवर आमच्या फोरमवर प्रश्न टाका, लगेच उत्तर मिळतं."

खरं तर मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण कोणाच्याही मदतीशिवाय एका निवृत्त बाईंनी आपली प्रणाली बसवली, हे मला मित्रांना सांगायचं होतं.

दोन दिवसांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोरम उघडला. कोणीतरी टोपणनावाने मराठीत विचारलं होतं, 'विभाजन तक्त्यात बदल लिहायचे का, असं विचारतंय. विभाजन तक्ता म्हणजे काय? हो म्हणू का?' त्या आठवड्यात असले प्रश्न बरेच आले होते. मी एका हातात चमचा धरून उत्तर टाकलं, 'माहितीपुस्तिकेतलं चौथं प्रकरण वाचा. विचारण्याआधी वाचायची सवय लावावी.' शेजारच्या सहकाऱ्याला ते दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

त्याच संध्याकाळी अक्का जिन्यात भेटल्या. त्यांनी विचारलं, "पुसलेलं परत येतं काय रे?"

मी त्यांच्या घरात गेलो. नवी प्रणाली झकास चालू होती. बाकी डिस्कवर काहीच नव्हतं. त्यांनी 'हो' म्हटलं होतं आणि माझ्या प्रोग्रामने अख्खी डिस्क कोरी केली होती. दुसरी प्रत कुठे आहे का, असं मी विचारलं. सुरुवातीच्या चाळीस पानांची छापील प्रत होती, तेवढीच.

"मीच नीट वाचलं नाही," त्या म्हणाल्या. "चौथं प्रकरण दोनदा वाचलं की. पण पुसलं जाईल असं मला काही कळलं नाही."

चौथं प्रकरण, हे शब्द ऐकले आणि फोरमवरचा प्रश्न कोणाचा होता ते मला कळलं. डिस्क घेऊन वर आलो आणि ते प्रकरण काढून पाहिलं. त्यात सगळं पुसलं जाईल असं खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं. ते प्रकरणही माझंच होतं. कामाच्या जुन्या नोंदी चाळल्या, तर वर्षभरापूर्वी एका नवख्या माणसाची सूचना सापडली: 'डिस्कवरचं सगळं जाणार आहे, हे साध्या शब्दांत सांगा.' त्याखाली माझा शेरा होता, 'ज्यांना हे समजत नाही त्यांनी बसवू नये,' आणि सूचना निकाली काढलेली.

पुढचे दहा-बारा दिवस मी डिस्कमधून काही निघतं का ते पाहत होतो. शब्दांचे तुकडे निघाले, अर्थ एकीकडे, शब्द दुसरीकडे. रोज अक्का विचारायच्या, मी सांगायचो, "प्रयत्न चालू आहे." त्या मला कॉफी द्यायच्या.

शेवटी एका रविवारी सकाळी मी निघालेले तुकडे घेऊन खाली गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "अक्का, फोरमवर तुम्हाला ते उत्तर दिलं ना, ते मी दिलं होतं."

त्या भाजी निवडत होत्या. "माहीत आहे. नाव दुसरं होतं, पण शेजारी फोटो तुझाच होता की."

"मग तुम्ही वर का नाही आलात? माझ्या आईला सांगायचं, मला फोन करायचा."

"कसं येणार? तूच तसं लिहिलंस म्हटल्यावर परत तुलाच कुठल्या तोंडानं विचारू? मला वाटलं, एवढं साधं आपल्याला येत नाही." त्यांनी पुढची जुडी ओढली. "लाज वाटली मला."

त्या लाजेवर खरा हक्क माझा होता, आणि इतके दिवस ती त्या बाळगून होत्या. माफ करा, असं मी म्हणालो बहुतेक. त्यांनी "सरी, बस," एवढंच म्हटलं, कानडीत ठीक आहे म्हणतात तसं.

मग मी प्रोग्रामचं एकेक पान कागदावर छापून त्यांच्याकडे नेऊ लागलो. त्या पेन्सिलीने खुणा करत. विभाजन तक्ता या शब्दावर त्यांनी काट मारली आणि लिहिलं, 'या संगणकात आधी ठेवलेलं सगळं कायमचं जाईल. दुसरीकडे प्रत ठेवली आहे का?' मी ते शब्द जसेच्या तसे घेतले. आता आधी डिस्कवर काय काय आहे ते दिसतं, आणि आपण बदलेपर्यंत उत्तर 'नाही' असंच निवडलेलं असतं. प्रकल्पातल्या एकाने कुरकुर केली, नवख्यांचे फार लाड होतायत म्हणून. त्याचं वाक्य मला माझंच वाटलं. मी त्याला घडलेलं सगळं लिहून कळवलं.

अक्का पुन्हा टायपिंग करायला बसल्या आहेत. चाळीस पानं झाली, पुढचं आठवेल तसं. दर महिन्याला मी प्रत काढून देतो. गावाकडे फोन करून त्या शब्द पुन्हा विचारतात. सांगणाऱ्यांपैकी दोघीजणी आता नाहीत. त्यांचे शब्द कोणते होते, ते अक्कांना नीट आठवत नाही.