एकाच नळीचा काढा

"आं कर रे झिला," असे म्हणत ते कुत्र्याचा जबडा उघडत आणि कुत्र्याला चावायचे सुचतच नसे. अंगावर धावून येणारा कुत्रा एवढ्याशा शब्दांवर वळलेला तुम्ही कधी पाहिला आहे? मी रोज पाहत असे. साल पंचावन्न-छप्पन. मालवणजवळच्या एका गावी, गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर आणि मी कारकून.

डॉक्टरांची जागा रिकामी, त्यामुळे गाव त्यांनाच "डाक्टरानू" म्हणे. ते लाजत, पण मनातून खूशही होत. घरी बायको नाही, पोर नाही. वाडीतली कुत्री हाच त्यांचा गोतावळा.

त्या थंडीत बांद्याकडून शिकारीहून परतलेला एक कुत्रा खोकू लागला. नाक वाहत होते, डोळे चिकटले होते. "थंडी बाधली हा, दुसरा काय नाय," म्हणून त्यांनी आले-मिरीचा काढा केला. गुरांना औषध पाजायची बांबूची नळी असते ना, तीच त्याच्या तोंडात घातली. मग पंच्याने पुसून शेजारच्या कुत्र्याच्या. तो ठणठणीत होता, तरी! "आदीच दिल्लो बरो," म्हणत त्यांनी घरोघरी हिंडून एकूण एक कुत्र्याला काढा पाजला. लोक खूश. मीही कौतुक केले, मी मोठा शहाणा!

पंधरा दिवसांत वाडीभर खोकला. मग झटके. रोज कोणाच्या ना कोणाच्या माडाखाली खड्डा. ते जेवायचेही विसरले. आणखी काढा, आणखी फेऱ्या.

तेवढ्यात नवे डॉक्टर रुजू झाले. सगळे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "नळी दर वेळी उकळत होता ना? हा रोग खोकल्यातून, लाळेतून जातो. हातांवरून, कपड्यांवरूनसुद्धा."

कंपाउंडरांनी कोपऱ्यातली नळी उचलली.

"म्हणजे मीच नेला?"

डॉक्टरांनी नळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

त्याच दुपारी कंपाउंडर घरोघर निघाले. अंगणाबाहेर उभे राहून सांगत, "तुमचो कुत्रो माज्यामुळे गेलो." कोणी विचारले नव्हते हो! कोणाला कधी कळलेही नसते. एक म्हातारी म्हणाली, "असा काय बोलतास डाक्टरानू? येवा, पाणी घेवा." ते आत गेले नाहीत.

शेवटचे घर माझे. आमचा कुत्रा बंड्या महिनाभर मसुऱ्याला बहिणीकडे होता, म्हणून काढ्यातून सुटला. आदल्याच दिवशी परतला होता.

"तेका बांदून घाला!" ते अंगणाभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडून ओरडले. पण तो ओळखीचा आवाज ऐकताच बंड्या गडग्यावरून उडी टाकून त्यांच्याकडे धावला.

त्यांनी दगड उचलला.

"अहो, काय करता!" मी किंचाळलो, तोवर दगड बसलाही होता. बंड्या केकाटला, थबकला आणि पुन्हा शेपूट हलवत पुढे सरकला. त्यांनी दुसरा मारला. रडत मारला.

दुसऱ्या दिवसापासून ते दवाखान्यात आले नाहीत. कुठे गेले, कोणालाच ठाऊक नाही.

बंड्याला खोकला झाला नाही. पण त्यानंतर तो कोणाही माणसाकडे धावत गेला नाही.